सोलापुरात फूड ट्रक काढायचाय: आधी परवाने, आधी जागा की आधी गाडी?

तवा_गरम विचारतात:

नमस्कार मंडळी. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या पट्ट्यात संध्याकाळी ६ ते ११ फूड ट्रक लावायचा विचार आहे. मेनू छोटा: डोसा, उत्तप्पा आणि पावभाजी. रोज साधारण शंभर डोसे आणि चाळीस प्लेट पावभाजी धरलीय. माणसं तीन.

सेकंडहँड छोटा हत्ती (टाटा एस, छोटी मालगाडी) बघून ठेवलाय. २०१८ चं मॉडेल, मालकाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. बॉडीवाला म्हणतो, गाडी आणून सोडा, वीस दिवसांत तयार करतो, आरटीओचं नंतर बघू.

अडलेलं असं: फूड लायसन्स निघालं की रस्त्याकडेला उभं राहायचा हक्क मिळतो का? दोघं जण दोन तऱ्हेचं सांगतात. महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र ट्रकला मिळतं का? (माझी नोकरी चालू आहे, धंदा भाऊ बघणार.) आत फ्रीजसाठी इन्व्हर्टर बसवू की जनरेटर? आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात डोशाचं पीठ संध्याकाळपर्यंत कसं धरायचं?

---

कागद_आधी:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. इथंच निम्मे लोक फसतात. अन्न परवाना सांगतो की तुम्ही अन्न विकू शकता. कुठं उभं राहून विकायचं, हे तो सांगत नाही. जागेचा हक्क वेगळ्या कायद्यातून येतो आणि गाडीचा तिसऱ्याच. तीन कागद, तीन खाती, आणि एकाचा कागद दुसऱ्याला दाखवून काही उपयोग होत नाही.

अन्नाचा भाग सगळ्यात सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याखालचे परवाना विनियम २०११ चे. त्या विनियमांत मुळात वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर फक्त नोंदणी होती, फी वर्षाला १०० रुपये. त्याच्या वर राज्य परवाना. तुमचा हिशोब करा: शंभर डोसे आणि चाळीस पावभाजी म्हणजे दिवसाला सात-आठ हजारांचा गल्ला सहज होतो, महिन्याला २६ दिवस धरले तर १२ लाख सहा-सात महिन्यांत ओलांडता. म्हणून मर्यादा अजून तीच असेल तर नोंदणीवर सुरू करून वर्ष काढायचं ठरवू नका. अर्ज भरायच्या दिवशी फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर मर्यादा आणि फी दोन्ही बघा आणि खऱ्या उलाढालीवर अर्ज करा.

अर्जात दोन गोष्टी चुकतात. एक, पीठ आणि भाजी घरी तयार करणार असाल तर तो पत्ता लपवायचा नाही. तपासणीला अधिकारी आले तर ते कच्चा माल कुठं चिरला, पाणी कुठलं, हे विचारणारच. दोन, तिघांचीही वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र घ्या, दरवर्षी. टायफॉइडची लस त्यात धरलेली आहे. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बिलावर छापणं २०२२ पासून सक्तीचं आहे, आणि मूळ कागद गाडीत दिसेल असा लावा.

आता फेरीवाला प्रमाणपत्र. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात 'फूड ट्रक' हा शब्दच नाही. त्यात स्थिर विक्रेता, फिरता विक्रेता आणि इतर, एवढेच प्रकार आहेत. प्रमाणपत्र देते नगर पथविक्रेता समिती, आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. विक्रेत्यांच्या दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात नव्या माणसालाही अर्ज करता येतो, कलम ४ मध्येच तशी सोय आहे. पण कलम ५ वाचा. अर्जदाराला लिहून द्यावं लागतं की धंदा मी स्वतः किंवा माझ्या कुटुंबातला माणूस करेल, माझं उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र मी भाड्यानं किंवा आणखी कुठल्या रीतीनं दुसऱ्याला देणार नाही. नोकरी चालू असताना तुम्ही ते लिहून देऊ शकत नाही. भावाची हीच एक कमाई असेल तर अर्ज भावाच्या नावानं होऊ शकतो, पण मग गाडी, अन्न नोंदणी, सगळं त्याच्याच नावावर असलेलं बरं.

"सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही" हे वाक्य तुम्हाला चौकाचौकात ऐकायला मिळेल. ते कलम ३ मधलं आहे आणि खरं आहे, पण ते आधीपासून बसलेल्यांसाठी. उद्या नवा ट्रक आणून लावणाऱ्याला त्याचा आडोसा मिळत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात रस्त्यावर विनापरवाना मांडलेली वस्तू नोटिशीशिवाय उचलायचा अधिकार आयुक्तांना आहे, कलम २३१. प्रमाणपत्र असेल तर मात्र ३० दिवसांची नोटीस लागते, जप्तीची यादी हातात द्यावी लागते, नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. पुढं-मागं प्रमाणपत्र मिळालं तर हे पाठ करून ठेवा.

तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे खाजगी जागा. रिकामा प्लॉट, मंगल कार्यालयाचं आवार, दवाखान्याशेजारची मोकळी जागा. मालकाकडून मालमत्ता उतारा बघून घ्या आणि ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार करा. करारात वेळ, वीज (सबमीटर), पाणी, संडास, कचरा आणि सांडपाणी कुठल्या चेंबरमध्ये सोडायचं, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. आणि एक सावधगिरी: इमारतीच्या मंजूर नकाशात जी जागा पार्किंग म्हणून दाखवलीय ती मालकानं दिली तरी घेऊ नका. तक्रार झाली की भाडं आणि अनामत दोन्ही अडकतं.

महामार्गालगत जाऊ नका. पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडचा, दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत. त्यांच्या हद्दीतली जमीन २००२ च्या वेगळ्या कायद्याखाली येते, तिथं महापालिकेचा कागदही चालत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या विनियमांनी मनाई आहे. लोण्यात न्हालेली पावभाजी त्यात बसवायला कुणालाही वेळ लागणार नाही.

दुकान कायदा: तुमची माणसं तीनच, त्यामुळं २०१७ च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, नोंदणी नाही. जीएसटी २० लाखांच्या वर.

---

पत्रा_वेल्डिंग:

बॉडीवाल्याचं "आरटीओचं नंतर" हे ऐकू नका की ओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आधी मंजुरी, आणि काम झाल्यावर १४ दिवसांत आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद. न विचारता केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडापेक्षा मोठी भानगड विम्याची आहे. मालवाहू म्हणून विमा, आत गॅसची भट्टी, आणि नोंद नाही, तर आग लागल्यावर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. शिवाय तुमच्या गाडीवर कर्ज आहे. बँकेचं ना-हरकत पत्र नसेल तर बदलाचा अर्ज पुढं सरकतच नाही. आधी मालकाला कर्ज फेडायला लावा, बोजा उतरवा, मग सौदा.

आरटीओच्या 'वाहन' पोर्टलवर 'मोबाइल कॅन्टीन' असा वेगळा वर्ग आहे. नव्या चासीवर (बॉडी नसलेल्या नुसत्या सांगाड्यावर) बॉडी बांधली तर पहिल्या नोंदणीतच तो घेता येतो. बॉडीवाल्याकडून फॉर्म २२-अ चा दुसरा भाग लागतो, आणि तो द्यायला त्याच्याकडे मान्यता हवी. बॉडीवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा. गोंधळला तर दुसरा बघा. जुन्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागतं (आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, २०१८ ची गाडी तिथं पोचलीच), आणि आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनाला महाराष्ट्रात पर्यावरण कर पण आहे. स्वस्त गाडी वाटते तेवढी स्वस्त राहत नाही.

आता वजन. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन असे दोन आकडे असतात. फरक काढा, छोट्या हत्तीत तो साडेसातशे किलोच्या आसपास येतो. त्या फरकात सगळं बसवायचं. तुमच्या मेनूचा हिशोब असा:

सांगाडा, पत्रा, फरशी, फ्लॅप (खिडकीचं वर उघडणारं झाकण) मिळून ३५० किलो. डोशाचा तवा ३ बाय २ फूट, १२ मिमी जाड, हा एकटा ५३ किलो भरतो. भाजीचा गोल तवा ७. बर्नर आणि स्टँड २५. १९ किलोचा भरलेला सिलिंडर ३८. पाण्याची टाकी १०० लिटर भरून ११०. सांडपाण्याची रिकामी टाकी ८. फ्रीज ४५. इन्व्हर्टर-बॅटरी ६५. भांडी आणि काउंटर ६०. माल ६०. केबिनमध्ये दोन माणसं १३०. बेरीज ९५१.

दोनशे किलो जास्त. मागचे पाटे (स्प्रिंग) बसतात, ब्रेक लांबतात, वळणावर गाडी झुलते, आणि वजनकाट्यावर उभी केली तर फिटनेसही अडतो. कात्री अशी लावा: तवा अडीच बाय दोन फूट करा, जाडी १२ मिमीच ठेवा (४४ किलो, पातळ घेतला तर मध्ये जळतं आणि कडेला कच्चं राहतं). पाणी जागेवर भरा, गाडी रिकामी टाकी घेऊन जाऊ दे, १०० किलो तिथंच वाचले. फ्रीजऐवजी चांगली आइसबॉक्स आणि १५ किलो बर्फ, मग बॅटरीही छोटी चालते. दोन्ही मिळून ५० किलो कमी. दुसरा माणूस दुचाकीवर. हे सगळं केलं की ७२६-७३० ला येता. तेही जेमतेम, म्हणून बॉडीच ३०० मध्ये बसव म्हणून सांगा. २५ बाय २५ मिमीचा चौकोनी पाइप, १६ गेज पुरतो. बॉडीवाले चाळीसचा पाइप लावतात, कारण त्यांना मजबूत दिसायला हवं असतं आणि वजन तुम्ही वाहणार असता. चासीवर बॉडी चढवण्याआधी एकदा आणि सगळं भरून एकदा, वजनकाट्यावर दोन पावत्या घ्या.

आतून शेगडीच्या मागं एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) पत्रा, आणि पत्र्यांमध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर). थर्माकोल भरू देऊ नका. तव्यामागचा पत्रा तापतो, थर्माकोल आतल्या आत वितळतो, आणि एक दिवस पेटतो.

खिडकी डाव्या बाजूला. आपल्याकडं गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लागते, म्हणजे गिऱ्हाईक फुटपाथ किंवा प्लॉटच्या बाजूला उभं राहील. उजवीकडं खिडकी काढलेले ट्रक दिसतात. त्यांची रांग चालत्या रस्त्यात उभी असते आणि वाहतूक पोलिसांना तेवढंच पुरतं. खिडकीचा काउंटर आतून ८५ सेंटीमीटरवर असतो आणि गाडीची फरशी जमिनीपासून ६५-७० सेंटीमीटर वर, म्हणजे बाहेरच्या माणसाच्या छातीच्या वर प्लेट येते. बाहेरून १०५ सेंटीमीटरवर घडीची फळी लावा. उघडलेला फ्लॅप किमान साडेसहा फुटांवर राहावा, नाहीतर दर दहाव्या माणसाच्या कपाळाला लागतो.

---

चौकस_पेठकर:

एवढं सगळं करण्यापेक्षा इंजिन नसलेला ट्रेलर घ्या, आरटीओची कटकटच नाही.

---

कागद_आधी:

@चौकस_पेठकर, तसं नाही. रस्त्यावरून ओढायचा ट्रेलर हेही कायद्यानं मोटार वाहनच, त्याचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीची ती क्षमता असावी लागते. खाजगी प्लॉटवर क्रेननं नेऊन कायमचा ठेवला तर गोष्ट वेगळी, पण मग तो ट्रक नाही, टपरी झाली, आणि बांधकाम परवानगीचा प्रश्न दारात.

लायसन्सबद्दल विचारलं नाहीत, पण सांगून टाकतो: साडेसात टनांखालच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं. भावाकडे कारचं लायसन्स असेल तर तेवढं बास.

---

पत्रा_वेल्डिंग:

वीज राहिली होती. जनरेटर नको. पेट्रोलचा डबा आणि गॅसची भट्टी चार फुटांत, वर आवाज, आणि वस्तीत रात्री दहानंतर कुणी ना कुणी तक्रार करतंच.

इन्व्हर्टर घ्या, पण हिशोब करून. सहा तासांना: फ्रीज १२० वॉट, निम्मा वेळ चालू, ३६० वॉट-तास. साधा एक्झॉस्ट ६० वॉट, तोही ३६०. दिवे ४० वॉट पाच तास, २००. मिक्सर ७५० वॉट वीस मिनिटं, २५०. फोन आणि बिलाचं मशीन धरून १,२०० होतात. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची शिशाची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास दाखवते, पण ती निम्म्याखाली रोज उतरवली तर वर्षभरात मरते, आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा टक्के खातो. हातात येतात साडेसातशे. म्हणून रात्री नऊला दिवे मंद होतात आणि लोक बॅटरी कंपनीला शिव्या घालतात.

मिक्सर घरी ठेवा, चटणी वाटून आणा. एक्झॉस्ट बीएलडीसीचा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा), ३० वॉटचा. फ्रीजऐवजी बर्फ. आता फक्त दिवे, पंखा, फोन: चारशे वॉट-तास. १०० एएचची बॅटरी पुरते. करारात सबमीटर मिळाला तर तीही फक्त अडीअडचणीला.

बर्फाला कमी समजू नका. १५ किलो बर्फ वितळताना जवळजवळ १,४०० वॉट-तास उष्णता ओढतो, आणि त्याला वायर लागत नाही. फक्त खाण्याचाच घ्या, निळसर दिसला की तो अखाद्य. पदार्थात टाकणार नसलात तरी भांड्याला लागतोच.

गॅस: घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे, सिलिंडर जप्त होतो. व्यावसायिक १९ किलोचा घ्या. दोन मोठे बर्नर मध्यम आचेवर तासाला किलोभर गॅस घेतात, पाच तासांना पाच किलो. चौथ्या दिवशी सिलिंडर संपतो, आणि तो नेमका साडेआठला, गर्दीत संपतो. रोज निघताना टांगत्या काट्यावर तोला. सिलिंडरवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा. सहा किलोच्या खाली असेल तर बदलूनच निघा. गाडीत दुसरा भरलेला ठेवू नका.

सिलिंडरची पेटी बॉडीच्या बाहेरून उघडणारी, माणसांच्या भागापासून पूर्ण बंद, आणि तिला झरोके तळाला. वर झरोका काढून "हवा खेळते" म्हणणारे कारागीर आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. वरचं भोक तिथं काही कामाचं नाही. सिलिंडर उभाच, पट्ट्यानं बांधलेला. आत लोखंडी किंवा तांब्याची पक्की नळी, रबरी नळी फक्त टोकाला, दीड मीटरच्या आत, आयएस ९५७३ छापलेली. स्वयंपाक्याच्या हाताशी बंद करायचा कॉक. गाडी हलण्याआधी सिलिंडरचा वॉल्व बंद, नेहमी. आपल्या रस्त्यांचे हादरे रोज जोड सैल करतात, म्हणून रोज सकाळी साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपासा. काडी लावून तपासणारे अजून आहेत.

अग्निशामक ६ किलोचा एबीसी पावडरचा, दाराजवळ. शेगडीच्या मागं लावला तर आग लागल्यावर तिथपर्यंत हात पोचत नाही.

---

आंबवण:

पिठाचं बोलते. तुमच्या हिशोबात शंभर डोसे, एकाला ९० ग्रॅम, म्हणजे ९ किलो पीठ. तांदूळ-उडीद तीनास एक धरले तर कोरडं चार किलोच्या आत लागतं.

सोलापूरच्या एप्रिलमध्ये रात्रीही तापमान २५ च्या आसपासच राहतं. तिथं आठ-दहा तासांचं पुस्तकी आंबवणं चालत नाही, पाच-सहा तासांत पीठ फुगतं आणि त्यापुढं फक्त आंबट होतं. रात्री आंबवून दिवसभर ठेवायची चूक करू नका. सकाळी सातला वाटा, एकपर्यंत आंबू द्या, मग फ्रीजमध्ये. साडेपाचला निघताना पीठ ५ अंशांवर असलं पाहिजे. असं थंड पीठ बर्फावर पाच तास आरामात राहतं. कोमट पीठ बर्फावर ठेवलं तर पहिला तास बर्फ नुसतं त्याला थंड करण्यात जातो.

वाटताना बर्फाचं पाणी घाला. मिक्सरमध्ये पीठ तापतं, ओल्या ग्राइंडरमध्ये कमी. उन्हाळ्यात मीठ आधीच घाला, त्यानं आंबणं जरा सावकाश होतं. डिसेंबरात उलट, नंतर घाला. खोल डब्याऐवजी दोन-दोन किलोचे रुंद स्टीलचे डबे करा. एकच डबा तव्याशेजारी, बाकीचे बर्फात. उरलेलं तापलेलं पीठ नव्या डब्यात मिसळायचं नाही, सगळा डबा आंबट करतं.

ओल्या नारळाची चटणी हा उन्हाळ्यातला खरा शत्रू. दोन तासांत वास बदलतो. डाळव्याची चटणी करा, पाणी घरी कमी घाला, तिथं पातळ करा. आणि सोलापुरात आहात तर शेंगा चटणी ठेवायला कोण अडवतंय? कोरडी असते, पाण्याचा अंश जवळजवळ नाही, म्हणून बाहेर राहिली तरी टिकते. उत्तप्प्यावर भुरभुरली की वेगळी प्लेट विकता येते.

पावभाजीत बटाटा फसवतो. दुपारी उकडून कोमट ठेवलेला बटाटा सहा तासांत खराब होतो आणि तव्यावर मसाल्याखाली वास लपतो. खाणाऱ्याला कळत नाही, रात्री कळतं. एकतर भाजी तयार करून गरम पाण्याच्या भांड्यात ६५ अंशांच्या वर धरा, नाहीतर बटाटा थंड आणा आणि तव्यावरच करा. तपासणीच्या यादीतही हेच आकडे आहेत: शाकाहारी गरम पदार्थ ६५, थंड पदार्थ ५ किंवा खाली. तीन-चारशे रुपयांचा टोचायचा थर्मामीटर घ्या.

भाजीला लाल रंग टाकू नका, घेतला नमुना की तिथंच सापडतो. ब्याडगी मिरची आणि थोडं बीट, पुरे. फलकावर 'बटर' लिहून मार्जरिन वापरणं हेही दिशाभूलच. भाजीचा आणि डोशाचा तवा वेगळा ठेवायचा हे वर कुणीतरी धरलंयच, बरं झालं; मसाल्याचा ओलावा राहिला की पुढचे चार डोसे चिकटतात.

पाणी: आपल्याकडं बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं साठवलेलंच वापरणार. हात धुवायला वीस लिटरची तोटीवाली टाकी आणि साबण, त्यातलं पाणी दुसऱ्या कशाला घ्यायचं नाही. ताटल्या धुण्यापेक्षा पत्रावळी किंवा सुपारीच्या पानाचे द्रोण, निम्मं पाणी वाचतं. प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलच्या प्लेटा २०२२ पासून देशभर बंद, महाराष्ट्रात त्याआधीपासून. पहिला दंड ५,०००, दुसरा १०,०००. वर्तमानपत्रात गुंडाळून पार्सल देणं हेही नियमाबाहेर.

---

तवा_गरम:

भरपूर झालं, आभार. दोन गोष्टी उरल्या. होटगी रोडला एका पेट्रोल पंपाचे मालक आवारात कोपरा द्यायला तयार आहेत, भाडं कमी, दिवे त्यांचेच. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ट्रक लावता येतो का?

---

कागद_आधी:

पंपाचा कोपरा विसरा. पंपाच्या परवान्यात उघड्या ज्योतीला जागाच नाही. पंपाच्या पलीकडचा वेगळ्या मालकाचा प्लॉट असेल तर बघा, पण त्यालाही लेखी करार हवाच.

गड्ड्यात जागावाटप दरवर्षी वेगळं होतं, देवस्थानच्या पंच कमिटीकडं आधीच विचारावं लागतं. तिथं गर्दी तीन माणसांच्या ट्रकला झेपत नाही, आणि एकदा होम मैदानात गाडी आत गेली की यात्रा संपेपर्यंत ती बाहेर काढणं अवघड. सिलिंडर बदलायचा तर हातगाड्यावर. पहिल्या वर्षी ट्रक बाहेर ठेवून आत साधा स्टॉल घ्या.

---

पत्रा_वेल्डिंग:

आणि बॉडीवाल्याला अनामत दिली नसेल तर देऊ नका. आधी जागेचा करार, त्यावरून खिडकी कुठल्या बाजूला आणि दरवाजा कुठं हे ठरतं. प्लॉटमध्ये गाडी मागं घेऊन लावायची असेल तर डावी-उजवी सगळी उलटते, मी वर सांगितलेलं धरून बसू नका. जागेवर छोटा हत्ती एकदा नुसता उभा करून बघा आणि खडूनं आखा.